रिकामा डबा चालतो

एका सकाळी साडेनऊला पहिला डबा माझ्याकडे धुवायला आला आणि त्यात भरताची वांगी निघाली. तेव्हापासून किस्से इतके साठलेत की ठेवायला डबे पुरायचे नाहीत.

जळगावात आमच्या गल्लीत तीन दुकानं आहेत. शेववाले नाना, डेअरीवाले भाऊ आणि मसालेवाल्या अक्का. तिघांनी मिळून प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या, स्टीलचे डबे आणले. माल डब्यात न्यायचा, डबा तिघांपैकी कुठंही परत द्यायचा. धुवायचं काम माझं. माझी परी अजून रांगते. ती नुसती शिंकली तरी माझा जीव खालीवर होतो. इथं तिला जवळ ठेवता येतं, म्हणून तर हे काम धरलं.

*

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. भाऊंच्या दह्याचा डबा एका मावशींनी परत आणला, त्यात घरचं दही. म्हणाल्या, "खाऊन बघा भाऊ. दही असं लागतं."

भाऊंनी तोंड वाकडं करून डबा बाजूला सारला. दही मात्र संपवलं.

*

यावलचं एक गिऱ्हाईक केळी घेऊन आलं. डब्यात मावेनात, म्हणून अख्ख्या घडालाच डबा बांधून आणला. नाना डबा शोधत घडाभोवती फिरले आणि म्हणाले, "यामा डबा कोठे शे?"

*

मग डबे यायचे थांबले. फळ्या रिकाम्या झाल्या. नाना सगळ्याच गिऱ्हाइकांवर चिडले, "बठ्ठा चोर शेतस. दिवाळीपर्यंत डबे आले नाहीत तर परत पिशव्या."

अक्का माझ्याकडे बघत होत्या, मी परीकडे. पिशव्या आल्या तर धुवायचं काय? आणि हिला घेऊन मी जाऊ कुठं?

*

शेवटी मीच मागच्या चाळीत, शेवेचा डबा नेलेल्या सखूआजीकडे गेले. डबा घासूनपुसून फळीवर ठेवलेला, तोंड दिसेल असा लख्ख.

"आजी, द्यायचा राहिला का?"

"रिकामा कसा देऊ वं माय? घरमा काही नव्हतं. लाज वाटस."

शेजारच्या घरात तेच. त्याच्या पुढच्या घरातही तेच.

नानांना सांगितलं. ते बराच वेळ शेव चाळत राहिले, चाळायची शेव संपली तरी. मग म्हणाले, "जा, बठ्ठासले सांग. रिकामा चालतो."

*

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी सखूआजी आल्या. डबा माझ्या हातात दिला. "तू सांगितलं तसा आणला. रिकामा शे."

त्या गेल्यावर धुवायला म्हणून झाकण उघडलं. आत जुन्या मऊ लुगड्याचं, हातानं शिवलेलं टोपडं होतं. परीच्या डोक्याला बरोबर बसलं.

अजून बरेच डबे यायचेत आणि दिवाळी जवळ आली. तुमच्या फळीवर एखादा असेल तर तसाच घेऊन या. आणि शेजारणीलाही सांगा, रिकामा चालतो.