पाठ केलेला तक्ता

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. मुरबे गावच्या केंद्रातली पोरं माझ्यामागे मला काय म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. शाळा सुटल्यापासून आया पालघरच्या बाजारात मासळी विकून परतेपर्यंत तीसेक पोरं माझ्या ताब्यात असतात. खाऊ, अभ्यास, खेळ, आणि महिन्यातून एकदा संस्थेची सिस्टर बोईसरहून येऊन वजन, दात, नखं, केसांतल्या उवा सगळं बघून जाते. माझ्या केंद्राला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही. सिस्टर यायच्या आदल्या दिवशी मी स्वतःच नखं कापत बसते.

त्यामुळे डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता आठवडाभर आधी हाती आला तेव्हा मी काय केलं असेल? भिंतीवर टांगला आणि पोरांकडून पाठ करून घेतला. तक्त्यावर इंग्रजी ई हे एकच अक्षर, वरून खाली लहान लहान होत गेलेलं. त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेवढं हाताने दाखवायचं. ‘उजवीकडे! वर! डावीकडे! खाली!’ पाढ्यांसारखा घोष चालायचा. आठवडाभरात पोरं अशी तयार झाली की माझा मलाच अभिमान वाटला.

मागच्या रांगेत दहा वर्षांची एक मुलगी बसायची. फळ्यावरचं कधी धड उतरवून घ्यायची नाही. पण फाटकं जाळं हातात दिलं की अशा बारीक गाठी मारायची की जाणत्या बायाही बघत राहायच्या. संध्याकाळी आया रिकाम्या टोपल्या घेऊन रस्त्याच्या वळणावर दिसल्या की बाकीची पोरं धूम ठोकायची. ही मात्र आईने हाक मारेपर्यंत ढिम्म.

तिच्या आईने ठरवलं होतं, दिवाळीनंतर शाळा बंद. “बाई, हिच्या डोक्यात काय शिरत नाय. हात चांगला चालतो, जाळ्यावर बसवते.” आणि मी चक्क मान डोलावली होती. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तपासणीच्या दिवशी पोरांनी धडाधड हात फिरवले. त्या मुलीनेही. एकही चूक नाही. मी ऐटीत सिस्टरकडे पाहिलं. तिने मुलीला पाणी प्यायला पाठवलं आणि तेवढ्यात तक्ता खिळ्यावरून काढून उलटा टांगला. सगळ्यात मोठं अक्षर आता तळाशी. मुलगी परत आली, जागेवर उभी राहिली आणि तोच क्रम पहिल्यापासून म्हणू लागली. पोरं खो खो हसली.

“अगं, डोळे फुटले का तुझे?” मी सवयीने ओरडले, आणि मग माझंच बोलणं मला ऐकू आलं.

सिस्टर माझ्या जवळ येऊन, पोरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “ताई, ही परीक्षा नाही हो. पाठांतर करून घेतलंत तर मला काय कळणार?” चारचौघांत माझं हसं करणं तिला सहज जमलं असतं. तिने केलं नाही. दर पोरामागे तक्ता फिरवत सगळ्यांची तपासणी नव्याने केली.

संध्याकाळी मुलीच्या आईला सांगितलं तर ती उसळलीच. “सुईत दोरा ववते ती, आन् दिसत नाय म्हनता?” परतीची गाडी चुकवून सिस्टर तिच्याजवळ बसली. जवळचं दिसतं, लांबचं पुसट होतं, हे पुन्हा पुन्हा समजावत राहिली. चष्मा येऊ दे, मग शाळेचं ठरव म्हणाली. आई म्हणाली, “बघू.”

चष्मा दिवाळीच्या तोंडावर आला. त्या दिवशी मुलीने मागच्या रांगेतून फळ्यावरची पाचही गणितं उतरवली. तीन चुकली. मी ओरडले नाही. त्या सिस्टरचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. माझ्या हौसेपायी एका पोरीची शाळा सुटणार होती, ती तिने वाचवली. आता तक्ता माझ्या कपाटात कुलपात असतो.

चष्मा आला त्याच संध्याकाळी आया वळणावर आल्या. मला अजून कुणाचा चेहराही ओळखू येत नव्हता. बाकीची पोरं उठायच्या आत ही उठली आणि एका हाताने चष्मा धरून पळत सुटली. तिच्या आईने टोपली भर रस्त्यात खाली ठेवली.

मुलीचा हात धरून ती केंद्राच्या दारात आली. मला शाळेचं विचारायचं होतं, धीर होईना. तीच म्हणाली, “दिवाळीनंतर धाडते शाळंत.” मग पोरीचा चष्मा नीट करत पुढे म्हणाली,

“बाई, रोज हाक मारल्याबिगर यायची नाय ही. मला वाटायचं, हिला माजी ओढच नाय.”