डावीकडचं सील

गावात त्यांना सगळे सावकाश मिस्त्री म्हणत. गाडी दुरुस्तीला दिली की लवकर परत मिळायची नाही, पण मिळाली की पुन्हा आणावी लागायची नाही. दवाखान्याची चारही चाकं ओढणारी जीप तेच सांभाळत आणि ती चालवायची त्यांची लेक.

त्या आठवड्यात त्यांनी जीपचा पुढचा अॅक्सल पूर्ण खोलून पुन्हा बसवला. जोडातून तेल गळू नये म्हणून लावायचं सिलंट, ते लावायच्या आधी जोडाच्या दोन्ही बाजू पुसपुसून कोरड्या केल्या, मग बारीक, न तुटणारी रेघ ओढली. जास्त लावलं तर आतल्या बाजूला तुकडे सुटतात आणि तेलात फिरतात, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं.

"मिस्त्री, केकवर नक्षी काढताय का?" मेहुण्याने विचारलं होतं.

तेल अडवणाऱ्या रबरी कड्याचं, ऑइल सीलचंही तेच. डाव्या बाजूसाठी त्यांच्याकडे दोन सील होती, एक ताजं आणि एक कित्येक वर्षं फळीवर पडलेलं. जुन्याच्या रबरी कडेवर त्यांनी नख दाबलं. कड वाकेना. असलं कडक झालेलं रबर तेल अडवत नाही. ते टाकून द्यायचं म्हणून त्यांनी बाजूला ठेवलं. तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली.

जीप पुढच्या सोमवारी नर्सबाईंना घेऊन डोंगरावरच्या वस्त्यांकडे गेली. गुरुवारी दुपारी खाली यायची होती.

गुरुवारी सकाळी टेबल आवरताना ते सील त्यांच्या हाताला लागलं. फेकण्याआधी सवयीने त्यांनी नख दाबलं. कड लोण्यासारखी वाकली.

ताजं सील हातात होतं. म्हणजे जेवून आल्यावर आपण गाडीत जुनं बसवलं. चार दिवस तेल झिरपलं असणार. आतून चाकाकडे, चाकातून ब्रेकच्या ड्रममध्ये. तेलकट ब्रेक धरत नाही, आणि येताना सगळा उतार.

"अहो, असे पांढरे का पडलात?" बायको म्हणाली.

दवाखान्याच्या डोंगरावरच्या खोलीत फोन लागत नसे. तरी त्यांनी सात वेळा लावला. मग ताजं सील, सिलंटची ट्यूब, नवे ब्रेक शू आणि हत्यारं पिशवीत कोंबून ते मेहुण्याच्या मोटारसायकलवर मागे बसले.

"हळू जाऊ का?" मेहुणा म्हणाला.

"आज नको," सावकाश मिस्त्री म्हणाले.

प्रत्येक वळणाला ते आधी कठड्याकडे बघत. कठडा धड दिसला की श्वास सोडत. एका ठिकाणी दगड ढासळलेले होते. त्यांनी मेहुण्याचा खांदा असा आवळला की तो ओरडला. ढासळ जुनी होती, दगडांतून गवत उगवलेलं होतं. तरी त्यांनी उतरून दरीत वाकून पाहिलंच.

वर पोचले तेव्हा जीप सुरू होती. नर्सबाई आत बसल्या होत्या, लेकीने गिअर टाकलेला होता.

"बंद कर! उतर खाली!"

"बाबा? तुम्ही इथे कसे?"

ते आधीच चाकाशी वाकले होते. डाव्या चाकाच्या आतून काळा, ओला ओघळ रिमवर उतरला होता.

"ब्रेक लावला की गाडी उजवीकडे ओढत होती काल," ती म्हणाली. "मला वाटलं रस्ताच वाकडा."

"रस्ता नाही गं. माझ्या हातून चूक झाली. टाकायचं सील मी आत बसवलं."

ती जीपचा दरवाजा धरून उभी राहिली.

चाक उतरवलं तर ब्रेकचे शू तेलात भिजलेले. त्यांनी सगळं धुतलं, नवे शू लावले. सील बसवण्याआधी लेकीलाच दाबून बघायला दिलं. मग जोडावर सिलंटची रेघ ओढली. जाड वाटली म्हणून दोनदा पुसून पुन्हा ओढली.

"झालं ना? निघू या," नर्सबाई म्हणाल्या. "खाली पेशंट वाट बघतायत."

"रात्रभर सुकू दे. ओल्यावर तेल आलं तर सगळं फुकट."

"अहो, दोन तासांत सुकतं म्हणतात!"

"म्हणू देत. मी सोडणार नाही."

नर्सबाई चिडल्या. पेशंटना निरोप द्यायला मेहुणा एकटाच खाली गेला.

सकाळी उतरताना मिस्त्री लेकीच्या शेजारी बसले. सपाट रस्त्यावरसुद्धा त्यांचा पाय, जणू तिथे ब्रेक आहे असा, पुढच्या पत्र्यावर दाबलेलाच होता. तिने तीनदा थांबून चाक पाहू दिलं. तिन्हीदा कोरडं. भीती मात्र जाईना, उलट प्रत्येक वळणाला नव्याने उठे.

खाली पोचल्यावर त्यांनी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"गाडी नीट आली ना? मग कशाला सांगत बसलात?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही त्यात माणसं बसवता म्हणून," मिस्त्री म्हणाले. "यापुढे माझं काम दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका."

बाहेर लेक पायरीवर बसली होती. काल बाबा आले नसते तर काय झालं असतं, हे आता कुठे तिच्या लक्षात आलं होतं. ते तिच्या शेजारी बसले. बराच वेळ दोघंही उठली नाहीत.