आबासाहेबांचे पाय आणि आमची शरयूवहिनी

हातांच्या बाबतीत आमच्या शरयूवहिनीचा जगात कुणावरही विश्वास नाही. नवऱ्यावर नाही, देवळातल्या गुरुजींवर नाही आणि माझ्यावर, म्हणजे सख्ख्या नणंदेवर, तर मुळीच नाही. किला गेटजवळच्या एका हॉस्पिटलात जंतुसंसर्ग रोखण्याचं काम तिच्याकडे आहे. थोडक्यात, आजारी माणसं सोडून धडधाकट माणसांच्या मागे लागण्याचा तिला पगार मिळतो. सफाईवाल्याने उघड्या हाताने कचऱ्याची पिशवी उचलली की ही कुठूनशी प्रकट होते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावणाऱ्या नव्या नर्सला ती अशी झापते की विचारू नका, आणि मग तिलाच चहा पाजते. "टोचली असती म्हणजे?" असं म्हणताना हिचेच डोळे भरतात.

एका माणसापुढे मात्र तिची जीभ टाळ्याला चिकटते. मोठे सर्जनसाहेब! ते हात साफ न करता वॉर्डात शिरले की ही भिंतीकडे बघून म्हणते, "सर, नवीन सॅनिटायझर आलंय. वास छान आहे." साहेब "अच्छा" म्हणतात आणि पुढे जातात.

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर माझे वडील रघुनाथराव, घरच्यांचे आबासाहेब, याच हॉस्पिटलात भरती झाले. मधुमेहाने डाव्या पायाचा अंगठा सडला होता, तो कापावा लागला. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, जखम कोरडी राहिली तर पाय वाचेल. पुन्हा चिघळली तर घोट्यापासून जाईल. वहिनीचा चेहरा उतरला.

आता आमच्या घराण्याची गंमत ऐका. पूर्वज लढायला म्हणून इकडे उत्तरेत आले, त्या लढाया संपून पिढ्या लोटल्या. कुणी विमा विकतो, कुणी पाटणकर बाजारात साड्या. पण दसऱ्याला शमीच्या पानांचं सोनं घेऊन आबासाहेबांच्या पाया पडायला सगळे सरदार हजर! तसे ते हॉस्पिटलातही आले, टेम्पो भरून. आघाडीवर आबासाहेबांची धाकटी बहीण, आमची शांताआत्या. आणि आबासाहेब? हॉस्पिटलच्या झग्यावर फेटा बांधून, चादरीतून दोन्ही पाय बाहेर काढून तयार बसलेले.

वहिनी दारात हात पसरून उभी राहिली.

"अगं, आम्ही बाहेरचे थोडीच आहोत? घरचेच लोक आहोत!" आत्या म्हणाली.

"घरच्यांचे जंतू घरच्यांना ओळखतात का, आत्या?"

"काकू, एक सेकंड का काम है," आत्याचा तरुण नातू म्हणाला, "बस टच करून निघून जातो ना!"

आतून आबासाहेब गरजले, "सूनबाई, येऊ दे त्यांना! दसऱ्याला ज्याच्या कुणी पाया पडत नाही, तो माणूस मेला समजावा." शेवटी त्यांचा आवाज फाटला. मला रडूच आलं. वर्षभर ते या एका दिवसाची वाट बघतात. वहिनी मात्र दारातून तसूभर हलली नाही.

मग तिची नजर माझ्या पिशवीवर गेली. आबासाहेबांच्या हट्टापायी मी फेट्याबरोबर त्यांचा ठेवणीतला जोडाही आणला होता. वहिनीने तो घेतला आणि काचेच्या दाराबाहेर खुर्चीवर मांडला. "इथे पडा पाया."

"अगं बाई, पादुका? दादा जिवंत आहे अजून!"

"जिवंत राहावेत म्हणूनच, आत्या."

"आणि माझा आशीर्वाद कसा पोचणार?" आबासाहेब आतून ओरडले.

"पुण्याच्या नातवाला मोबाईलवरून पोचतो, तसा काचेतून पोचेल."

मग आत्याच वाकली आणि वाकल्या वाकल्या तिला जे हसू फुटलं, ते रांगभर पसरलं. जोडा सोन्याने भरला. शेजारच्या खोलीतली एक बाई आली, "कौन से महाराज हैं?" असं विचारून दोन केळी वाहून गेली. आत आबासाहेब दोन्ही हातांनी आशीर्वाद उधळत होते. फेटा डोळ्यांवर आला तरी थांबेनात.

वहिनीशी मात्र त्यांनी अबोला धरला. "तुझ्या वहिनीला सांग, पाणी हवंय," असं ती समोर असताना मला सांगायचे.

कोजागिरीच्या सुमारास पट्टी सोडायची होती. सर्जनसाहेब फोनवर बोलत आले, फोन खिशात टाकला आणि थेट पायाकडे हात नेला. वहिनीने तोंड उघडलं, मिटलं, भिंतीकडे वळली. "सर, नवीन..."

आबासाहेबांनी झटकन पाय चादरीत ओढून घेतला. "डॉक्टरसाहेब, पहले हाथ. माझ्या सुनेने सारं खानदान बाहेर उभं केलं होतं. आप कौन से बड़े आए?"

मला तर वाटलं, आता डिस्चार्जच मिळणार! साहेबांनी आबासाहेबांकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि निमूटपणे जाऊन हातांना सॅनिटायझर चोळून आले. हातमोजे चढवले, पट्टी सोडली. जखम कोरडी होती.

"पैर बच गया," ते म्हणाले.

सगळ्या कुळाला एकटीने अडवणारी ती बाई मटकन स्टुलावर बसली आणि मोठमोठ्याने रडू लागली. तिच्याही हातात मोजे होते, म्हणून डोळे पुसता येईनात. दोन्ही हात हवेत धरून नुसती रडत राहिली.

"रडतेस काय वेडे," आबासाहेब म्हणाले, "हे बघ!" आणि डाव्या पायाची उरलेली चारही बोटं त्यांनी तिला हलवून दाखवली.