झाकलेली पाटी

बागवान सरांना मी कधीही घाईत पाहिलं नाही. स्वारगेटला ते रस्ता ओलांडायला लागले की रिक्षावाले त्यांच्या नावाने शिमगा करायचे, मागचा पीएमटीवाला हॉर्नवरचा हात काढायचा नाही, आणि सर आपले एकेक पाऊल मोजल्यासारखे चालत राहायचे. "आजोबा, मुहूर्त काढून निघालात का?" असं एकदा एका स्कूटरवाल्याने विचारलं. तेव्हा सर जेमतेम पंचेचाळीसचे होते. ते थांबले, रस्त्याच्या मधोमध थांबले, आणि म्हणाले, "काढलाय ना. आपला हुकलेला दिसतोय." मग पुन्हा चालू लागले.

आमच्या केंद्रात सगळे त्यांना 'सावकाश सर' म्हणत. पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं, तळाशी काय जगतंय आणि काय मरतंय ते मोजायचं आणि लिहून आणायचं, ही त्यांची जन्मभराची नोकरी. खोलातून वर येताना घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस कायमचा लुळा पडू शकतो. म्हणून सर पाण्यात सावकाश, आणि त्या सवयीने जमिनीवरही सावकाश. मी कामावर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं, "लिमये, पोहता येतं हे चांगलं आहे. आता ते विसरा आणि श्वास घ्यायला शिका."

समुद्राचा अभ्यास करणारं आमचं केंद्र पुण्यात का होतं, हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. शेजारच्या काकांनी तर पहिल्याच आठवड्यात सल्ला दिला, "अहो, एवढ्या लांब कशाला जाता? मुठेत बुडी मारा, जास्त काहीतरी सापडेल." सरांच्या घरीही वेगळं काही नव्हतं. वडिलांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा. तीन भावांनी तो सांभाळला, हे एकटेच समुद्राकडे गेले. मुलगा प्रवाळाचे पुंजके मोजतो हे कळल्यावर वडील म्हणाले होते, "संत्री मोजली असतीस तर निदान खाता तरी आली असती." सर हे कौतुकाने सांगायचे आणि पुढे म्हणायचे, "अब्बा चुकीचं बोलले नव्हते."

लोक अजून मला विचारतात, समुद्राखाली काय छान वाटत असेल ना? मी आता उत्तर द्यायचा कंटाळा करते. पुण्याहून मालवणपर्यंत जीपमध्ये अंग खिळखिळं होईपर्यंत प्रवास. सकाळी उठून कालचा ओला, वास मारणारा रबरी पोशाख अंगात चढवायचा. पाणी गढूळ, हाताची बोटं दिसली तरी नशीब. नाकातून रक्त, कानात ठणका, आणि होडीवर पाच पुरुषांत एकटी बाई असण्याच्या ज्या अडचणी असतात त्या सगळ्या. माझा डावा कान आजही दिवसभर वाजत असतो. सरांचे दोन्ही वाजायचे. त्यावर त्यांचं म्हणणं, "चांगलं आहे. मीटिंगमध्ये उपयोगी पडतं."

मालवणच्या खडकांत आठ मीटर पाण्याखाली सरांचा एक चौकोन होता. चार लोखंडी खुंट्या ठोकलेल्या, त्यांना दोरी बांधायची आणि आतले जिवंत प्रवाळाचे पुंजके मोजायचे. दर हंगामाला तोच चौकोन, तीच मोजणी. मी यायच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं. एका वर्षाच्या आकड्याला काही किंमत नसते, ओळीने वीस वर्षांचे आकडे असले तर समुद्राचं काय चाललंय ते कळतं, असं ते सांगत. त्या ओळीत खंड पडू नये म्हणून त्यांनी बहिणीचं लग्न चुकवलं होतं. बहीण त्यांच्याशी दोन वर्षं बोलली नाही.

मोजणीचा त्यांचा एक नियम होता. जोडीने उतरायचं, पण मोजायचं ज्याचं त्याने. प्रत्येकाजवळ प्लॅस्टिकची पाटी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. आकडा लिहिला की पाटी छातीशी झाकून धरायची, दुसऱ्याला दाखवायची नाही. होडीवर चहा हातात आला की सर आधी त्यांचा आकडा वाचत, मग मी माझा, आणि मी दोन्ही वहीत लिहायची. मी सांगेन तो आकडा. माझी पाटी त्यांनी कधी मागितली नाही, मागणं त्यांना अपमानाचं वाटे. दोन-तीनचा फरक आला की ते खूश. आकडे तंतोतंत जुळले की कपाळाला आठी. "आपल्यातलं कुणीतरी झोपलं होतं. चला, परत." थंडीने दात वाजत असताना परत उतरायचं म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही.

आठ-नऊ हंगाम आम्ही असे काढले. मग एका वर्षी सरांनी होडीवर वाचलं, "एकेचाळीस." माझ्या पाटीवरचा आकडा बराच कमी होता. मी पाण्यात नीट पाहिलं होतं. कितीतरी पुंजके पांढरे पडले होते, काहींवर शेवाळ चढलं होतं. सरांना ते दिसलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि ते कुणाला सांगत नव्हते, हे मला तेवढ्यात कळलं. जेवताना ते भाजीतली मिरची बोटांनी चाचपून बाजूला काढत, ते मी पाहिलं होतं. चौकोन त्यांना तोंडपाठ होता. कुठल्या कपारीत कोण बसलंय ते माहीत असल्यामुळे ते तिथे जात आणि पाटीवर रेघ मारत.

मी खरा आकडा सांगितला असता तर केंद्रात चौकशी झाली असती, डोळे तपासले गेले असते आणि सरांचं पाण्यात उतरणं त्याच दिवशी संपलं असतं. त्यांचे गुडघे गेले होते, कंबर गेली होती. "पाण्यात काहीच दुखत नाही हो लिमये," असं ते आदल्याच संध्याकाळी म्हणाले होते. निघताना सरांच्या बायकोने, भाभींनी, मला फोनवर सांगितलं होतं, "त्यांना एवढ्यात बाहेर काढू नका. घरी बसले तर ते माणूस संपलंच समजा." मी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "एकोणचाळीस." फरक किती ठेवायचा हे त्यांनीच मला शिकवलं होतं. संध्याकाळी मी दोन्ही पाट्या वाळूने घासून स्वच्छ केल्या.

पहिल्या वर्षी मी दयेपोटी खोटं सांगितलं. दुसऱ्या वर्षी पहिल्याला धरून सांगावं लागलं. तिसऱ्या वर्षी तर मी पाण्यात नीट मोजलंही नाही. थकले होते. सर काय वाचतात ते ऐकायचं आणि दोन कमी सांगायचे, बस्स.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भाभींनी जबरदस्तीने त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. सर पुण्यात नवीन चष्म्यातून दुकानांच्या पाट्या वाचत फिरले, आणि दिवाळीनंतर आम्ही पुन्हा मालवणला गेलो. त्या दिवशी ते चौकोनावर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. वर आले तेही त्याच सावकाश गतीने. टॉवेल घेतला, चहा घेतला आणि वाचलं, "सतरा." मी माझी पाटी पाहून म्हणाले, "एकोणीस." त्यांनी वही मागून घेतली आणि मागची पानं उलटत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "लिमये, तुम्हाला दिसत होतं?"

मी हो म्हणाले.

परतीच्या प्रवासात ते वही मांडीवर घेऊन बसले. कराडला जीप थांबली तेव्हा त्यांनी माझ्यासाठीही चहा मागवला. थेट कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर, खाली पुण्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाले, "कधी गेलं ते? पहिल्या वर्षी, की तिसऱ्या? एकदम गेलं की हळूहळू?" एका संशोधकाला यापेक्षा महत्त्वाचं काही विचारायचं नसतं. त्या तीन वर्षांत समुद्र तापत होता, लांबलांबून प्रवाळ मेल्याच्या बातम्या येत होत्या, आणि आमच्या किनाऱ्यावर नेमकं काय झालं हे पाहिलेली मी एकटी होते. मी ते वहीत लिहिलं नव्हतं, त्यामुळे ते माझ्याही डोक्यात राहिलं नव्हतं.

आठवड्याने सरांनी केंद्राला पत्र दिलं. तीन हंगामांच्या नोंदी रद्द कराव्यात, आपल्याला दिसत नव्हतं आणि ते लपवण्यासाठी आपण सहकाऱ्याला आकडे जुळवायला भाग पाडलं, असं त्यात लिहिलं होतं. मी वाचून ओरडलेच. "सर, हे खोटं आहे. तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मग माझं नाव घाला. मी सही करते."

"तुम्हाला अजून वीस-पंचवीस वर्षं पाण्यात उतरायचंय," ते म्हणाले. "हे कळलं तर तुमच्या पाटीवर कोण विश्वास ठेवील? माझं काय, माझं झालंय."

त्यांनी आयुष्यात जाणूनबुजून केलेली ती एकच खोटी नोंद, आणि ती माझ्यासाठी. मी गप्प बसले. केंद्रात कुजबुज झाली, सावकाश सरांनी आकडे फिरवले म्हणे. एका तरुण अधिकाऱ्याने त्यांना उभं करून झापलं, ते मी दाराबाहेरून ऐकलं आणि आत गेले नाही. त्यांची निवृत्ती दोन-अडीच वर्षांवर होती. डोळे आता ठणठणीत होते, पण ते पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, "एकट्याने उतरायचं नसतं, आणि जोडीदार नाही." मी पलीकडच्याच टेबलावर बसलेली असायची.

पुढे मी विभागप्रमुख झाले. वीस वर्षं मी नव्या पोरांना पाटी झाकायला शिकवलं. भिंतीवरच्या तक्त्यात ती तीन वर्षं कोरी आहेत, खाली बारीक अक्षरात सरांचा दोष लिहिलेला आहे. पोरं विचारायची, हे बागवान कोण? मी सांगायची, फार मोठा माणूस. बाकीचं सांगायची नाही. सर गेल्या महिन्यात गेले. आता माझी नोकरीही संपली आहे, म्हणून निदान इथे लिहून टाकते की तो दोष माझा होता.

त्यांच्या जाण्याआधी पंधरा दिवस मी कात्रजला त्यांच्या घरी गेले होते. भाभी दोन वर्षांपूर्वी वारल्या, सर मुलाकडे राहत. खिडकीपाशी खाटेवर पडलेले, बोलायलाही दम लागत होता. मी मनाशी ठरवून गेले होते. म्हणाले, "सर, मी खूप आठवून पाहिलं. पहिल्या वर्षी मला बत्तीस दिसले असावेत."

"असावेत?" ते हसले, मग खोकले. "आठवणीतलं नको, लिमये. आठवणीतून तर मीही मोजतच होतो. तुम्ही दिसतं ते सांगायचं होतं."

मी मान खाली घातली. माफी मागायची होती, पण इतक्या वर्षांनी ती कशी मागतात हे मला माहीत नव्हतं.

"ती तीन वर्षं मी घरी येऊन हिला सांगायचो," ते म्हणाले. "म्हटलं, सगळीकडे मरतंय, आपलं तेवढं तगलंय. हिने एकदा शिरासुद्धा केला होता. फार आनंदात गेली हो ती तीन वर्षं, लिमये. तेवढी आनंदात कुठली गेली नाहीत."