आठसारखा दिसणारा तीन

विलास गेला तेव्हा मी कडोदऱ्याला एका दुकानाच्या पाटीची मापं घेत होतो. फोन आला आणि टेप तिथंच टाकून निघालो. सहा आठवडे झाले... लोक म्हणतात, दुःख हळूहळू निवतं. निवत असेल. माझा राग निवत नाही.

सुरतेला, उधन्यात आम्ही दोघं अठरा वर्षं पाट्या करत होतो. अक्षरं निवडणं त्याचं, गिऱ्हाईक सांभाळणं माझं. दोन फॉन्ट शेजारी ठेवले की मला जुळे भाऊच दिसायचे. विलास मात्र चष्म्याच्या काचांना खोबरेल फासायचा, तो माझ्या नाकावर चढवायचा, दहा पावलं मागं ढकलायचा नि म्हणायचा, ‘‘वाच!’’ मी वैतागलो की वर ऐकवायचा, ‘‘अबे, ज्याले चांगलं दिसते त्याले बोर्ड लागतेच कायले?’’

एका ट्रस्टच्या दवाखान्याच्या दारांवरच्या नंबरपाट्यांचं काम आलं. शेवटी दोन फॉन्ट उरले, दोन्ही साधे, गोलसर, हाताच्या वळणाचे. एकात इंग्रजी तीनचं तोंड चांगलं उघडं होतं. दुसऱ्यात टोकं आत वळून ते जवळजवळ मिटलेलं. विलासनं पहिला ठरवला आणि पुतणीच्या लग्नाला अकोल्याला गेला. ट्रस्टीशेठना दुसरा हवा होता, का तर त्यांच्या लेटरहेडवर तो होता. ‘‘बेउ सरखा ज छे ने, भाई!’’ दोन्ही सारखेच, म्हणे. त्यांना कळत नव्हतं. मला तर विलासच्या त्या चष्म्यातून कळलं होतं! तरी मी मान डोलावली. परत आल्यावर विलासनं तोच चष्मा चढवून दहा पावलांवरून लागलेल्या पाट्या पाहिल्या. एवढंच म्हणाला, ‘‘कोनाची तरी माय चुकन तिथं.’’

छातीत कळ आली तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला त्याच दवाखान्यात नेलं. खोली दोनशे आठ. त्याची आई, मोतीबिंदू झालेली आमची मावशी, मागून एकटीच पोचली. बसचे नंबर वाचून वाचून आकडे तेवढे तिला येतात. वॉचमननं खोलीचा नंबर सांगितला, बोलावल्याशिवाय आत जाऊ नका म्हणाला. ती दोनशे तीनच्या बंद दारासमोर पाऊण तास बसून राहिली. आत विलास ‘‘मायले बोलवा’’ म्हणत होता, असं नर्सनं नंतर सांगितलं... तिला खऱ्या दारापाशी नेलं तोवर सगळं संपलं होतं.

शेठ शोकसभेला आले, हात जोडून ‘‘नसीब’’ म्हणाले. कसलं डोंबलाचं नशीब! तुम्ही आणि मी, शेठ.

मावशी स्वतःलाच बोल लावते. ‘‘माह्या डोयानंच घात केला रे बापू,’’ म्हणते. तिच्यासमोर माझी जीभ उचलत नाही, म्हणून इथं पेपरात लिहितोय. तिला अक्षरं वाचता येत नाहीत. तिच्या शेजारपाजारी कुणाच्या हाती ही पुरवणी पडली, तर तिला एवढं वाचून दाखवा: मावशी, तुमचे डोळे चुकले नाहीत. ती पाटी मी लावली होती.