मूठमातीची चिठ्ठी

पाप कबूल करायला मी नेहमी लातूरला जायचो. नोकरी नांदेडला, घर नांदेडला, चर्चही नांदेडला. पण महिन्यातून एकदा एसटी धरायची, तिथल्या फादरांसमोर गुडघे टेकायचे आणि संध्याकाळच्या गाडीने हलकं होऊन परत यायचं. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. बायको म्हणायची, "लोक दुखणं दाखवायला लातूरला जातात, तुम्ही पाप दाखवायला." मी हसून गप्प बसायचो. बोलणं मला जमत नाही. आता हे लिहितोय तेही चार वर्षांनी.

रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मी तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना धर्मशिक्षण देतो. त्या वर्षी अकरा पोरं दृढीकरणासाठी तयार होत होती. लहानपणी बाप्तिस्मा आईबापांनी दिलेला असतो. दृढीकरणाला पोरगं स्वतः उभं राहतं आणि बिशप त्याच्या कपाळाला तेल लावतात. बिशप लांबून येतात, दरवर्षी येतातच असं नाही. म्हणून तो दिवस चुकला तर चुकला.

नुसतं पाठांतर नको, समाजाचंही काही करायला शिकू दे, असं फादर म्हणाले. मला वाटलं, आपल्याकडे दयेची सात कृत्यं आहेतच की. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची भेट आणि मेलेल्याला मूठमाती. मी अकरा चिठ्ठ्या केल्या, पहिली चार कृत्यं दोनदा लिहून, आणि स्टीलच्या डब्यात घातल्या. ज्याला जी येईल ती त्याने महिनाभर करायची, वहीत लिहायची, माझी सही घ्यायची. सातवी चिठ्ठी लिहिताना हात जरा थांबला होता. पण पुस्तकात सात आहेत तर सहा कशा लिहायच्या? मी काटेकोर माणूस.

वह्या यायला लागल्या. तहानलेल्यांवाला पोरगा तांब्या घेऊन बसस्टँडवर उभा राहिला. लोकांना वाटलं पाण्यात गुंगीचं औषध आहे. लोह्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका मामांनी त्याला दम दिला, "आधी तू पी." मग पुढच्यानेही तेच. संध्याकाळपर्यंत सगळं पाणी त्यानेच प्यायलं. उघड्याला वस्त्रवालीने शेजारच्या दीड वर्षाच्या बाळाला बनियन घातलं, बाळाने काढलं, असं सहा वेळा, तिने सहा नोंदी केल्या. बंदिवानवाल्याने गल्लीतल्या पोपटाला मिरची नेली. मी सगळ्यांना सही दिली. पोपटाच्या पानावर तर "छान" असंही लिहिलं.

मूठमाती आली एका मुलीला. तिची आई खाजगी दवाखान्यात आया, बाप नाही. पोरगी शांत, सांगितलं ते पूर्ण करणारी.

"सर, कुणी मेलंच न्हाई तर?"

मी तेव्हा स्कूटरची किल्ली शोधत होतो. खिसे चाचपत म्हणालो, "चर्चमागच्या आजोबांचं काही खरं नाही. तिकडे लक्ष ठेव."

एवढंच. किल्ली सापडली, मी गेलो.

हे आजोबा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. खुब्याचं हाड मोडून तीन महिने खाटेवर. मंडळीत सगळेच म्हणायचे, आता दिवस मोजायचे. पोरीने खरोखर मोजले. रोज शाळा सुटली की जायची, खाटेशी बसायची, विचारायची, "आजोबा, आज कसं वाटून राहिलं?" आणि लिहायची. ती वही मी पुढे वाचली. "सोमवार. जिवंत. मंगळवार. जिवंत. वरण खाल्लं. बुधवार. जिवंत. घाटात गिअर कधी टाकायचा ते सांगितलं. गुरुवार. जिवंत. माझ्यासाठी मोसंबी ठेवली होती."

तिसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला कबरस्तानात लिंबाखाली आवडंल का भिंतीकडं? लिंबाखाली मुळ्या लई हायत, खणायला जड जाईल."

आजोबांच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. "आरं, ही पोरगी माझा मुडदा मोजून राहिली!" असं ओरडून ते खाटेवरून उठले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. रागाच्या भरात दारापर्यंत चालत आले, तिथे चौकट धरून परत ओरडले. डॉक्टर म्हणाले, हे औषधाने झालं नसतं. पण आजोबांच्या मुलाने फादरांकडे तक्रार केली ती केलीच. आमच्या बापाच्या मरणावर टपलेली पोरगी कुणी पाठवली?

फादरांनी पोरीला आणि मला ऑफिसात बोलावलं. फादर दक्षिणेकडचे, मराठी पुस्तकातून शिकलेले, वाक्य अर्धं सोडत नाहीत. "मुली, तुला त्या वृद्ध गृहस्थांकडे जाण्यास कोणी सांगितले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आठवत न्हाई," ती म्हणाली.

आजोबांची माफी मागेपर्यंत तिचं नाव दृढीकरणाच्या यादीतून काढायचं ठरलं. ती म्हणाली, माफी मागणार नाही, मी काही वाईट केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई दवाखान्याच्या साडीतच मला गाठायला आली. "सर, तुम्ही तरी सांगा फादरला. लेकरू हट्टी हाय, पण खोटं बोलत न्हाई." मी म्हणालो, "बघतो."

त्या शनिवारी मी लातूरला गेलो नाही. आमच्याच चर्चमध्ये, जाळीआडच्या आमच्याच फादरांपुढे गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. किल्लीसकट. हे धाडस होतं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणाला सांगू शकत नाहीत, त्याच्या आधारावर बाहेर कागदही हलवू शकत नाहीत. हा धडा मीच शिकवतो. म्हणजे खरं बोलल्याचं समाधान मला मिळालं, आणि ज्या एका जागी त्या खऱ्याचा कुणाला काही उपयोग होणार नव्हता, तिथेच मी ते ठेवून आलो.

जाळीआडून फादर म्हणाले, "हे तुम्ही मला बाहेर सांगाल का?"

"हो, फादर."

सांगितलं नाही. बाहेर रांग होती, हे एक कारण. दुसरं कारण नव्हतं.

मग फादर मला चहाला बोलवायला लागले. "सर, चहा घेता का?" ते स्वतः चहा पीत नाहीत. समोर बसून पंख्याकडे बघायचे. त्यांना विचारता येत नव्हतं, सुचवताही येत नव्हतं. निरपराध पोरीचं नाव परत लिहायचं तर कारण काय दाखवणार? मी सोयाबीनवर बोलायचो. भोकरकडे पाऊस झाला म्हणायचो. फादर म्हणायचे, "असे का." असे पाच कप झाले आणि बिशपांना यायला एक दिवस उरला.

सहावा कप शनिवारी दुपारी आला. ऑफिसात फादर यादीवर शिक्का मारत होते. दहा नावं. दहांतल्या एकाने पोपटाला मिरची घातली होती आणि त्याच्या पुढे माझी सही होती. मी म्हणालो, "फादर, आजोबांकडे तिला मी पाठवलं होतं. मीच म्हणालो होतो, त्यांचं काही खरं नाही. आणि या वह्याही..."

"थांबा," फादर म्हणाले. शिक्का खाली ठेवला. "हे मी आता ऐकत आहे. येथे. या खुर्चीत." प्रत्येक शब्द दाराला कडी घातल्यासारखा. आणि मी पुढचा शब्द काढायच्या आत त्यांनी अकरावं नाव लिहिलंसुद्धा. "वह्यांचे सोमवारी पाहू. प्रथम तिच्या घरी जा."

मी विचारलं, "तुम्ही निरोप पाठवला तर?"

"नाही. तुम्ही जा."

ती दारातच भांडी घासत होती. मी उभ्याउभ्या सांगितलं, तुझं नाव यादीत आलं, मी फादरांना खरं सांगितलं.

"हाव का," ती म्हणाली. मग हातातलं ताट खाली ठेवून, "सर, तेव्हा मला आठवत होतं."

"माहीत आहे."

"मग मी खोटं बोलले ना. उद्याच्या आधी मला ते फादरला सांगावं लागंल." हात धुतले, ओढणी घेतली आणि चर्चकडे पळाली. तिच्या वाट्याचं पापही माझंच होतं, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं तोवर ती कोपऱ्यावर वळली.

आई आतून सगळं ऐकत होती. "म्हंजे महिनाभर लेकरानं गल्लीच्या शिव्या खाल्ल्या त्या तुमच्यापायी?"

"हो."

"आन मी तुमच्यापुढं हात जोडले तवा तुमाला ठाव होतं?"

"हो."

तिने पेटीतून पांढरा फ्रॉक काढला, नातेवाइकांकडून आणलेला; नाव कटलं म्हणून तो तसाच घडीत पडला होता. पोरीला आखूड होणार होता. तिने खालची दुमड उसवायला घेतली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"ताणून धरा," ती म्हणाली. "ढिलं सोडू नका."

मी उंबऱ्याबाहेर फ्रॉक धरून उभा राहिलो. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, "काय सर, काय करून राहिले?" ती मान वर न करता म्हणायची, "त्यांनाच विचारा." आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होतो.