कुणी जवळ होतं का?

कचेरीत सगळे त्यांना वर्गताई म्हणत. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. आरोग्यमंत्र्यांच्या नावे आलेली तक्रार वाचायची, ती मंत्र्यांची कशी नाही ते ठरवायचं आणि ‘पुढील कार्यवाहीसाठी वर्ग’ असं लिहून रस्त्यापलीकडच्या आरोग्य मंडळाकडे धाडायची, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत हात इतका बसला होता की पाकीट फोडता फोडताच त्यांना कळे, हे पलीकडचं.

वाटणी मोठी सोयीची होती. धोरण मंत्र्यांचं, दवाखाने चालवणं मंडळाचं. नर्स किती नेमायच्या ते मंत्री ठरवणार, त्यातली कोण कुठल्या वॉर्डात जाईल ते मंडळ ठरवणार. त्यामुळे वॉर्डात नर्सच नसली तर दोघंही हात झटकायला मोकळे. मंत्री सभागृहात मंडळाकडे बोट दाखवत, मंडळ अहवालात मंत्र्यांकडे. आणि दोघांचं म्हणणं कागदोपत्री खरं असे, ही खरी रड.

या टोलवाटोलवीत एका म्हाताऱ्या शिंप्याचं पत्र अडकलं. त्याची बायको सरकारी दवाखान्यात वारली होती. ‘मला रिपोर्ट आणायला खाली पाठवले. सव्वापाचला वर आलो तर पडदा ओढलेला होता. ती गेली तेव्हा कुणी जवळ होते का, एवढेच कळवावे.’

पत्र सात वेळा रस्ता ओलांडून आलं-गेलं. दर खेपेला त्याला नर्सच्या रिक्त पदांवरचं एक टिपण चिकटे. धारिका उशीएवढी जाड झाली, पण त्या एका ओळीचं उत्तर कुणी लिहिलं नाही. शिंपी मात्र महिन्याला एक पत्र टाकतच राहिला. ताईंना ते अक्षर ओळखीचं झालं. आई गेल्यापासून त्यांच्या घरी विजेच्या बिलाखेरीज काही येत नसे. या पत्राची आपण वाट बघतो, हे ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली.

चौदाव्या पत्रात मायना नव्हता, सही नव्हती. नुसतं ‘कुणी जवळ होते का?’ आई गेली तेव्हा तिचा हात आपल्या हातात होता, या एका समाधानावर त्या दिवस काढत होत्या. या माणसाकडे तेवढंही नव्हतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या दवाखान्यात गेल्या. त्या दिवशी वॉर्डात ड्यूटीवर असलेल्या सिस्टरनं मान वर न करता सांगितलं, “बेचाळीस खाटा आणि आम्ही दोघी. एक पेशंटबरोबर ऑपरेशनला गेलेली, मी त्या टोकाला सलाइन लावत होते. इकडे आले तोवर त्या गेल्या होत्या.” मग तिनं मान वर केली. “चौदा महिन्यांत मला कुणी विचारलंच नाही हो.”

ताईंनी तीन ओळींचं उत्तर लिहून साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

“माहिती बरोबर आहे, ताई. पण हे आपण का सांगायचं? मंडळाकडे वर्ग करा.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द लिहिणं त्यांच्या जिवावर आलं. शनिवारी पाकिटावरचा पत्ता शोधत त्या स्वतःच निघाल्या.

शिंप्यानं दार उघडलं. एक खोली, झाकून ठेवलेलं मशीन, दोन खुर्च्या.

“तुम्ही मंत्र्यांकडच्या, का मंडळाकडच्या?”

“मला कुणी पाठवलं नाही, काका. माझी मीच आले.” ताईंनी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. “कुणी नव्हतं जवळ. सिस्टर दुसऱ्या टोकाला होत्या.”

म्हातारा खुर्चीवर बसला.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “मग हे कुणाच्या पदरात घालायचं?”

“दोघांच्याही. आणि थोडं माझ्या. तुमचं पहिलं पत्र मी शेवटपर्यंत वाचलंसुद्धा नव्हतं.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती मान हलवली आणि मशीनवरचा कोरा कागद उचलून बघितला.

“पुढचं पत्र लिहायला घेणार होतो. सकाळी बसलो की दुपारपर्यंत तिच्याबद्दल लिहायचो, मग सगळं खोडून एक ओळ ठेवायचो. वेळ जायचा. आता काय लिहू, आणि कुणाला?”

ताईंनी आता निघायला हवं होतं, पण घरी त्यांचीही कुणी वाट बघत नव्हतं. त्यांनी दुसरी खुर्ची ओढून घेतली.

“खोडलेलं काय असायचं ते सांगा,” त्या म्हणाल्या.